चुका वाचण्याचा रविवार

हासेनबर्ग फार्म, औत्यो
२१ ऑगस्ट १९९४

प्रिय एकार्टभाऊजी,

स. न. वि. वि. तुम्ही पाठवलेले खारवलेले मासे मिळाले. स्वयंपाकाच्या जोसेफिनेला समुद्राचा वास सहन होत नाही, म्हणून अर्धे तिने ओट्यावर ठेवताच मांजरीने लांबवले आणि तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं. उरलेले मी आणि सिल्केने खाल्ले. सिल्के सोमवारी विंडहुकला शाळेत शिकवायला परत रुजू झाली. वर्गातली मुलं तिला बापाबद्दल काही विचारत नाहीत, फार शहाण्यासारखी वागतात आणि तेच जड जातं, असं म्हणत होती.

इथे थंडी अजून आहे. मागच्या आठवड्यात पहाटे दहिवर गोठलं आणि टोमॅटो गेले. गुरं ठीक. पाण्याची पवनचक्की करकरते आहे. हार्टमुट असता तर वर चढून बसला असता. मी माणूस बोलावला आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. विमान क्लबचा चिटणीस ऊवे केसलर काल येऊन गेला. चांगला मुलगा आहे, टोपी हातात धरून उभा होता. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी क्लबचा दिवस आहे आणि दरवर्षीसारखं वर्षभरातल्या चुकांचं वाचन आहे, असं म्हणाला. यादीत हार्टमुटचं नाव आहे. ऊवेने एकच ओळ लिहून आणली होती: पेट्रोल संपलं, निघण्यापूर्वी मोजलं नव्हतं. कागद तुमच्याकडे पाठवायचा आहे, कारण वाचणारे तुम्ही.

भाऊजी, ही प्रथा कोणी पाडली हे मला कोणी सांगायला नको. पास्टरसाहेबांचा हेल्मर ढगात शिरून डोंगराला धडकला ते वर्ष. सगळे मैदानावर बिअर पीत नशीब, नशीब करत होते. हार्टमुट म्हणाला होता की नशीब गेलं खड्ड्यात, हेल्मरने ढगात शिरायला नको होतं, आणि हे आपण तोंडाने म्हटलं नाही तर पुढच्या वर्षी आणखी एक जण शिरेल. तेव्हापासून जिवंत माणूस आपली चूक आपण वाचतो आणि गेलेल्याची तुम्ही वाचता. नावासकट. बिअर उघडायच्या आधी. हार्टमुटने स्वतःचीही वाचली होती: धावपट्टीवरून आधी पिकअप फिरवून घेतली नाही आणि रानडुकराने उकरलेल्या खड्ड्यात चाक घातलं. इतक्या गंभीरपणे वाचली की शेवटी सगळे हसायला लागले आणि हा चिडला.

पण त्याने मोजलं नव्हतं, हे खोटं आहे. पोलिसांनी त्याच्या वस्तू पिठाच्या पिशवीत घालून दिल्या. टोपी, फुटलेला चष्मा आणि त्याची पेट्रोल मोजायची काठी. काठीला ओरखडासुद्धा नाही. मी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली आहे. जो माणूस काठी बरोबर घेऊन जातो तो पंखावर चढून टाकीत ती घातल्याशिवाय निघेल का? टाकी गळकी असेल. काहीही असेल. त्या विमानाची टाकी उगाब नदीच्या कोरड्या वाळूत फुटून गेली, आता कोण सांगणार? पण ती ओळ वाचू नका. त्याचं नावच घेऊ नका, एवढं माझ्यासाठी करा.

लोभ आहेच, त्यात उणं पडू देऊ नका.

तुमची
आल्मुट


स्वाकोपमुंड
१ सप्टेंबर १९९४

ती. वहिनी,

स. न. वि. वि. मांजरीला माझा नमस्कार. घरात माशाची पारख असलेलं एक तरी माणूस आहे म्हणायचं.

इकडे सकाळी धुकं आणि दुपारी वारा, नेहमीचंच. उजव्या डोळ्याला मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणतो कापायचाच. मी त्याला म्हटलं की पंधरा वर्षांपूर्वी याच डोळ्यांपायी मी उडायचं सोडलं, आता सरळ होऊन ते मला काय दाखवणार आहेत? तो म्हणाला बिल.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस किनाऱ्यावर फिरलो. आमचं पहिलं विमान सारखं आठवत होतं. तुम्ही ते पाहिलं तेव्हा त्याच्या पंखांना तिसऱ्यांदा कापड लावून झालं होतं. मी आणि हार्टमुटने दोन बैल आणि वडिलांची शिव्यांची लाखोली एवढ्या मोबदल्यात ते घेतलं. त्यात दोघं बसलो तर सामानाला जागा नाही, आणि सामान घेतलं तर मी घरी. रविवारी फार्मा-फार्मावर वर्तमानपत्र टाकत जायचो. घराभोवती एक घेर घेतला की खाली समजायचं: धावपट्टीवरून गुरं हाका आणि कॉफीचं आधण ठेवा. तुमच्या वडिलांच्या फार्मवर मात्र तो तीन-तीन घेर घ्यायचा. मी विचारलं, इथली गुरं बहिरी आहेत का? म्हणाला, नाही, मुलगी हळू आवरते.

आणि तुमची पहिली सफर. त्याची नवी टोपी तुम्ही ज्या कारणासाठी मागून घेतली ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. उतरल्यावर त्याने ती टोपी नळाखाली धुतली आणि ओलीच डोक्यावर घातली. तेव्हाच मी घरी येऊन आईला सांगितलं की हा आता लग्न करणार.

वाचनाचं म्हणाल तर तुम्ही नको म्हणालात तर नको. तुमच्या शब्दापुढे मी नाही. फक्त एक सांगा. पिशवीतून आली ती काठी कोणती? क्लबच्या विमानातली पिवळी, की वडिलांनी करून दिलेली, खिळा तापवून खुणा पाडलेली? त्याचं स्वतःचं विमान तर तेव्हा इंजिनासाठी विंडहुकला होतं, म्हणून विचारतो.

सिल्केला सांगा की मुलांना विचारू दे.

तुमच्या मायेवरच चाललंय, ती आटू देऊ नका.

एकार्ट


हासेनबर्ग
११ सप्टेंबर १९९४

प्रिय एकार्टभाऊजी,

स. न. वि. वि. टोपीची गोष्ट तुम्ही सिल्केच्या लग्नात सांगायच्या बेतात होता, हे मला ठाऊक आहे. आणि मी हळू आवरत नव्हते. आई मला मुद्दाम उशिरा बाहेर सोडायची.

काठी वडिलांचीच. खालच्या टोकाला कोरलेलं ह. ती त्याने कोणाच्या हाती लागू दिली नाही. सिल्के लहान असताना मी एकदा घेवड्याचा वेल टेकवायला ती घेतली. दुसरी जवळ नव्हती, आणि काठीसारखी काठी. हार्टमुट दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी मांडीवर ठेवून ती पुसत बसला आणि म्हणाला की तू माझ्या बायबलवर भाजी चिरली असतीस तरी चाललं असतं. क्लबमध्ये नवीन मुलं आली की त्यांना सांगायचा: विमानातले काटे खोटारडे असतात, मित्र विसरभोळे असतात, पेट्रोल भरणारा घाईत असतो. काठी ओली होते तिथवर पेट्रोल आहे, बाकी सगळ्या गप्पा. दुसऱ्याच्या काठीला हात लावू नका, आपली बाळगा.

त्या दिवशीही सकाळी कामान्याबच्या वाटेवरच्या त्या फार्मवर बैल बघायला जायचं म्हणून निघाला, तर फाटकापर्यंत जाऊन परत आला. काठी विसरली होती. खुंटीवरून घेतली, माझ्या हातातला पावाचा तुकडा घेतला आणि गेला. तेवढंच शेवटचं.

तुम्ही हे का विचारता? तुम्हाला उत्तर माहीत असतं तेव्हाच तुम्ही असं विचारता, ही तुमची लहानपणापासूनची खोड आहे, असं हार्टमुट म्हणायचा. मला बरं वाटत नाहीये. लवकर लिहा.

डोळ्याची काळजी घ्या. पथ्याला मासे चालत असतील तर मांजर पाठवते.

आल्मुट


स्वाकोपमुंड
१७ सप्टेंबर १९९४

ती. वहिनी,

स. न. हे पत्र तीनदा फाडलं. तोंडावर सांगायची माझी छाती नाही आणि फोनची तार सामायिक, शेजारच्या फार्मवरचे ऐकतात, म्हणून लिहितोच.

काठी प्रत्येक विमानाची वेगळी असते. हार्टमुटच्या विमानाच्या टाक्या पसरट. काठी वीतभर ओली झाली तर तिथे भरपूर पेट्रोल. क्लबच्या जुन्या विमानाच्या टाक्या अरुंद. तिथे तेवढीच ओल म्हणजे पेट्रोल बरंच कमी. तुमच्या परातीत आणि तांब्यात बोटभर पाणी सारखं नसतं, तसंच. वडिलांनी खुणा पाडल्या त्या त्याच्या विमानाच्या टाकीत मोजून पाडल्या. त्या दिवशी तो क्लबच्या विमानात होता. त्या विमानाच्या पिवळ्या काठीबद्दल मी ऊवेला विचारलं. ती क्लबच्या कपाटातच आहे, हार्टमुटने नेलीच नव्हती.

तो पंखावर चढला. काठी घातली, पाहिली, घरी पोचून उरेल असं पाहून निघाला. आणि उगाबच्या अलीकडे इंजिन बंद पडलं. खाली वाळू होती, त्याने उतरायचा प्रयत्न चांगला केला. पंख आनाच्या झाडाला लागला नसता तर आज मी त्याला शिव्या घालत असतो.

म्हणजे ऊवेची ओळ खोटी आहे, हे तुमचं बरोबर. त्याने मोजलं होतं. मला झोप येत नाही ती याचमुळे. न मोजता गेला असता तर गाढव म्हणून मोकळा झालो असतो. विश्वासच चुकीच्या काठीवर होता. आपल्याकडे कितीजण असेच आपली काठी काखेत मारून दुसऱ्याचं विमान नेतात? मी स्वतः नेलं आहे. फरक एवढाच की मी घरी पोचलो.

दोन गोष्टी. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात ठरलं आहे, मी येणार नाही. वाचायचं ते ऊवे वाचेल, मी कागद पाठवीन. त्यात हार्टमुट असावा की नसावा हे तुम्ही सांगायचं. नसावा म्हणालात तर नसेल. तो मला त्याबद्दल माफ करणार नाही, पण त्याची मनधरणी मी पुढे कधीतरी करीन. तुमची आता इथेच करायची आहे.

रागावा, पण लिहा.

एकार्ट


हासेनबर्ग
२२ सप्टेंबर १९९४

एकार्टभाऊजी,

पत्र मिळालं. वाचू नका.

निम्म्या जिल्ह्याला काठी शिकवणारा हार्टमुट रेबाइन स्वतःच्या काठीने गेला, असं लोक दहा वर्षं म्हणत राहतील. मी औत्योला दुकानात गेले की लोक बोलता बोलता थांबतील. त्यापेक्षा पेट्रोल संपलं एवढंच राहू दे, नाहीतर काहीच नको. सिल्केला यातलं काही लिहू नका.

ऑपरेशन नीट होवो.

आल्मुट


स्वाकोपमुंड
२७ सप्टेंबर १९९४

ती. वहिनी,

स. न. वि. वि. यादीतून नाव वगळलं. ऊवेला फोन करून सांगितलं, त्याने कारण विचारलं नाही. सिल्केला माझ्याकडून एक शब्द जाणार नाही.

एक विनंती, मानलीत तर. त्या रविवारी घरी बसू नका. तुमच्या सफरचंदाच्या केकशिवाय क्लबचा दिवस मला आठवत नाही, आणि तो केक यंदा आला नाही तर लोक तुमच्याविषयी जे बोलतील ते काठीपेक्षा वाईट असेल. जा, केक ठेवा, कोणाशी बोलू नका, परत या.

मी इस्पितळात पट्टी बांधून पडलेला असेन. पत्र आलं तर नर्सकडून वाचून घेईन, तेव्हा टोपीबद्दल काही लिहू नका.

रागावलेल्या माणसाचीही माया लागते. तेवढी असू द्या.

एकार्ट


हासेनबर्ग
४ ऑक्टोबर १९९४

प्रिय एकार्टभाऊजी,

स. न. वि. वि. नर्सबाईंनाही नमस्कार. पत्र लांब आहे, त्यांना बसायला सांगा.

मी गेले. दोन केक नेले, एक सफरचंदाचा आणि एक खसखशीचा, कारण खसखशीचा हार्टमुटला आवडायचा आणि हात आपोआप तिकडे गेला. सकाळ स्वच्छ होती. विमानं रांगेत उभी होती, बायका टेबलावर पाव आणि सॉसेज मांडत होत्या, पुरुष पंखांवर चढून पेट्रोल बघत होते. सगळं होतं तसं. मला वाटलं होतं की मला पाहून सगळे गप्प होतील. तसं झालं नाही. म्हाताऱ्या श्रीमती फ्रीझे म्हणाल्या की खसखशीचा त्यांच्या बाजूला सरकवा, नवऱ्याला दिसायच्या आत. बरं वाटलं.

मग वाचन झालं. रोलांड फ्रीझेने आपली चूक वाचली: कुडू हरणांचा कळप धावपट्टीच्या कडेला दिसत असताना उतरला, पंख्याचं एक पातं गेलं, कुडूला काहीही झालं नाही. कोणीतरी मागून म्हणालं की कुडूची बाजूही ऐकायला हवी. दुसऱ्या एकाने वाऱ्याकडे पाठ करून उतरल्याचं सांगितलं. ऊवेने कागदाची घडी केली आणि आता एवढंच, असं म्हणाला. हार्टमुटचं नाव आलं नाही. सगळे बुटांकडे बघत बसले. बिअरचं खोकं उघडायला हात कोणी लावेना.

तेव्हासुद्धा मी बसून राहिले, भाऊजी. खरं सांगते, मी केक कापायला उठले होते. पण रोलांडचं विमान पंख्यासाठी अडकलेलं, आणि त्याला त्या दिवशी उडायचं होतं, म्हणून शेजारच्या लोटारने त्याला आपलं विमान दिलं. रोलांडने खुर्चीखालची आपली काठी उचलली आणि निघाला. लोटार म्हणाला, माझी आहे ना विमानात. रोलांड हसून म्हणाला की तुझी तुला लखलाभ, हार्टमुटने शिकवलंय, आपलीच काठी बरी. आणि माझ्याकडे बघून त्याने टोपीला हात लावला. मला बरं वाटावं म्हणून केलं त्याने ते.

मी सुरी खाली ठेवली. वाचलं असं म्हणता येणार नाही, कागद कुठे होता. उभी राहिले आणि म्हटलं की माझ्या नवऱ्याने पेट्रोल मोजलं होतं. स्वतःच्या काठीने, दुसऱ्याच्या विमानात. टाक्या वेगळ्या होत्या. पेट्रोल उगाबपर्यंत पुरलं, घरापर्यंत नाही. मग म्हटलं, हार्टमुट रेबाइन, बारा जून. नाव आणि तारीख सांगायची असते, ते मला इतक्या वर्षांत पाठ झालं आहे. आणि खाली बसले.

रोलांड तसाच उभा राहिला, काठी हातात. मग तो लोटारच्या विमानाकडे गेला आणि तिथली काठी घेऊन आला. दोन्ही त्याने केकच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. खुणा जुळत नव्हत्या. कितीतरी फरक होता, मलासुद्धा दिसला. त्यानंतर एकेक जण उठून आपापल्या विमानाकडे गेला. कोणी कोणाला जा म्हटलं नाही. टेबल काठ्यांनी भरलं, केक मला खाली घ्यावे लागले. एक काठी इथल्या कुठल्याच विमानाची नव्हती, ती कधीच विकून टाकलेल्या विमानाची निघाली. आणि म्हाताऱ्या फ्रीझेकाकांची काठी त्यांच्याच विमानाची, पण टोक मोडून बोटभर आखूड झालेली. ते म्हणाले की ती गेली चार वर्षं अशीच आहे. श्रीमती फ्रीझेंनी सगळ्यांसमोर त्यांना जे सुनावलं ते मी नर्सबाईंच्या तोंडी घालणार नाही.

ऊवेने लाल रंगाचा डबा काढला. दुपारपर्यंत ते काठ्या धरून टाक्यांत मोजत होते आणि प्रत्येक काठीवर तिच्या विमानाची नोंदणीची अक्षरं रंगवत होते. उडालं कोणीच नाही. क्लबच्या दिवशी कोणीच उडालं नाही असं कधी झालं होतं का? बायका वैतागल्या, कारण मुलं रंगाचे हात घेऊन पावांकडे येत होती.

हार्टमुटवर कोणी हसलं नाही. किंवा हसतील पुढे, माहीत नाही. सिल्केला मी कालच फोनवर सगळं सांगितलं, शेजारचे ऐकत असतील तर ऐकोत. ती म्हणाली की वर्गात मुलांना सांगेन.

आता तुम्हाला एक सांगते, जे मी तिला सांगितलं नाही. जूनपासून मी त्याची बाजू घेत होते. पोलिसांपुढे, ऊवेपुढे, तुमच्यापुढे. ज्याची बाजू घ्यायची त्याच्यावर रागावता येत नाही. रविवारी परतताना पिकअपमध्ये मी एकटीच होते, आणि मी त्याच्याशी भांडायला लागले. मोठ्याने. क्लबची काठी कपाटात होती, ती घ्यायला काय झालं होतं? दुसऱ्याचं घेतलं की आपला मान जातो का? फाटकापर्यंत जाऊन काठीसाठी परत आलास, आणि माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाहीस, पाव ओढलास आणि गेलास. औत्योपासून घरापर्यंत बोलत होते. फाटकं उघडायला उतरावं लागे तेवढीच गप्प, पुन्हा चढले की पुढे सुरू. तो असता तर म्हणाला असता की तू आधी श्वास घे.

शेवटच्या फाटकापाशी माझे शब्द संपले. मी इंजिन बंद केलं आणि रडले. जूनपासून पहिल्यांदाच. जोसेफिने घरातून कंदील घेऊन आली, गाडी का थांबली म्हणून. ती फाटक धरून उभी राहिली.

पट्टी निघाली की स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि मग इकडे या. डोंगर तुम्हाला नव्याने दिसतील. तुमच्यावरचा राग गेला, माया होती तिथेच आहे. ती तुम्हीही सोडू नका.

तुमची
आल्मुट